नातीला घेण्याआधी हात, तोंड आणि सदरा

गंगापूर रोड, नाशिक. पौष महिना, रात्र.

बारसे आटोपल्यापासून नातीला बघायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली असल्यामुळे दोन्हीकडची माणसे आमच्याच घरी येतात, बाळंतविडा आणतात, बाळाला मांडीवर घेतात, आणि त्यांनी तसे करावे यातच आम्हालाही आनंद आहे. परंतु निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या रोज येत असताना बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या बहुतेक वेळ बंदच ठेवाव्या लागतात, आणि आलेल्या पुरुषमंडळींपैकी काहींच्या अंगावर विडी-सिगारेटचा धूर मुरलेले लोकरीचे कपडे असतात. गेले काही दिवस माझ्या डोक्यात हीच एक गोष्ट घोळत आहे.

ओढणाऱ्याने गॅलरीत जाऊन ओढले आणि धूर विरला, म्हणजे काळजी मिटली असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात धुरातले निकोटिन आणि इतर द्रव्ये कपड्यांच्या धाग्यांत, केसांत, मिशांत, बोटांच्या कातडीवर, पडद्यांत, गाद्यागिरद्यांत आणि भिंतींच्या रंगावर बसतात, तेथून हळूहळू पुन्हा हवेत सुटतात आणि दुसऱ्या वस्तूवर जाऊन बसतात. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की, असे बसलेले निकोटिन घरातल्या हवेतील नायट्रस आम्लाशी संयोग पावते आणि त्यातून नायट्रोसामाइन वर्गातील द्रव्ये तयार होतात, ज्यांतली काही कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. हे नायट्रस आम्ल आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या शेगडीतूनही निघते. सॅन दिएगो येथील संशोधकांचा २०११ सालचा अभ्यास मला अधिक अस्वस्थ करून गेला. धूम्रपान करणारे भाडेकरू सोडून गेल्यावर जी घरे साफसूफ करून महिना-दोन महिने रिकामी ठेवलेली होती, त्यांतही निकोटिन सापडले, आणि तिथे नव्याने राहायला आलेल्या, स्वतः कधी न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही ते आढळले.

मोठ्या माणसाचा अशा कपड्याशी फार संबंध येत नाही. तान्ह्या बाळाचे तसे नसते. घेणाऱ्याच्या खांद्यावर ते नाकतोंड घासते, सदऱ्याची कड मुठीत धरते आणि तीच मूठ लगेच चोखू लागते. शिवाय मोठे माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेते, तिथे ते चाळीस ते साठ घेते. तंबाखूच्या धुराच्या सहवासातील तान्ह्या मुलांना छातीचे विकार, कानाची दुखणी, दमा आणि झोपेतील अचानक मृत्यू यांचा धोका वाढतो, हे डॉक्टर अनेक वर्षे सांगत आले आहेत. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी बंदी आली. घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र कायदा येत नाही, तिथे घरच्याच माणसाला बोलावे लागते.

बोलायचे होते ते आमच्या थोरल्या दिरांशी. घरात लहानथोर सगळेच त्यांना दादा म्हणतात. ते सिन्नरला राहतात. विड्या वळण्याच्या कामावर तिथली कितीतरी घरे उभी राहिली. मांडीवर सूप घेऊन, पाने कातरून दोऱ्याने विडी बांधणाऱ्या बायका मी लग्न होऊन आल्यापासून पाहत आले आहे. त्यामुळे दादांच्या बंडीच्या खिशातले विडीचे बंडल आणि काडेपेटी कोणाला कधी खटकली नाही. यजमानांना थोरल्या भावापुढे हा विषय काढवेना, म्हणून त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी मीच फोन केला. “अगं, आमची पोरं काय विडीच्या वासाशिवाय वाढली का?” असे ते म्हणाले, आणि ते स्वाभाविकच होते. मी त्यांना सासूबाईंची शिस्त आठवून दिली. परगावाहून आलेल्याने हातपाय धुतल्याखेरीज बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही, हे आमच्या घरात पूर्वीपासूनच आहे. त्यात धुतलेला सदरा तेवढा वाढला आहे, असे मी सांगितले. “तुमच्या मापाचा सदरा इथे काढून ठेवते, दादा. तो घाला आणि बाळाला हवा तितका वेळ घ्या.”

दादा आले. त्यांनी मफलर, टोपी आणि लोकरीचा कोट गॅलरीतल्या खुंटीला लावला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली, मिशांवरून ओला साबण फिरवला आणि सदरा बदलला. उजव्या हाताच्या दोन बोटांचा पिवळेपणा अर्थातच तसाच राहिला. तो वर्षानुवर्षांचा आहे. त्यांनी नातीला घेतले तेव्हा मी तिच्या अंगाखाली आमचेच एक दुपटे घातले, ते नंतर धुवायला टाकता येते. खरी कसोटी जेवणानंतर होती, कारण ते सवयीने खाली जाऊन विडी ओढून आले आणि वर येताच बाळ रडू लागले म्हणून तिला उचलायला निघाले. विडी ओढून आल्यावर काही वेळ श्वासातूनही धुराचे अंश येत राहतात, त्यामुळे तेव्हाही थांबवणे भाग होते. लेकीने हळूच टॉवेल पुढे केला. दादा काही न बोलता पुन्हा मोरीकडे गेले.

याउलट भाचा आला तेव्हा कोणाच्याच लक्षात काही येणार नव्हते. तो सिगारेट ओढतो, पण वेलदोडा चघळत आणि अंगावर अत्तराचा फवारा मारून आला होता. गाडीतही तो ओढत असल्यामुळे त्याच्या जाकिटाला धूर लागलेला असणारच. वासाने ओळखायचे ठरवले तर विडी ओढणारे सिन्नरचे दादा दर वेळी पकडले जातील आणि अत्तर मारणारा भाचा सुटेल, हे मला मुळीच पटत नाही. वास झाकला तरी बसलेले निकोटिन जागचे हलत नाही. म्हणून ओढणारा असो वा नसो, पुरुष असो वा बाई, आता सगळ्यांनाच बाहेरचे स्वेटर आणि शाल काढून, हात धुऊनच खोलीत सोडतो. एका आत्याबाईंना राग आला, आणि तो त्यांनी बोलूनही दाखवला. येईना का राग. पुढच्या वेळी त्या हात धुऊनच आत येतील.

दुसऱ्यांना हे सांगायचे तर धुरीचाही विचार करावा लागला. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि बाळंतशोपा टाकून बाळाला धुरी देतात, आणि त्यावर त्यांची मनापासून श्रद्धा आहे. परंतु धूर तो धूरच, आणि बंद खोलीतील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. मी त्यांना धुरी बंद करायला सांगितले. “मग डोकं कसं सुकायचं?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मऊ पंचाने टिपून कुंची घालायचे ठरले. उदबत्तीही आता गॅलरीतल्या तुळशीपाशीच लावतो.

पुढचा प्रश्न माझ्या हातचा नाही. लेक पुण्याला सासरी जाईल, आणि तिथे व्याही दिवाणखान्यातच सिगारेट ओढतात. मी विहीणबाईंशी मोकळेपणाने बोलले. त्यांनी ऐकून घेतले, पडदे आणि अभ्रे गरम पाण्यात धुऊन घ्यायचे कबूल केले, भिंती साबणाच्या पाण्याने पुसून घेऊ म्हणाल्या, आणि व्याह्यांना ओढण्यासाठी इमारतीच्या खाली पाठवण्याचे काम जावयाने अंगावर घेतले आहे. बाळाची खोली आतली असेल. दिवाणखान्यातला जाड कापडाचा जुना सोफा मात्र ना धुता येतो ना टाकवतो, आणि त्याचे काय करायचे यावर त्या घरात अजून एकमत झालेले नाही.