इस्तंबूल खाद्यशोध, नोंद ३: आधी वेळ बघायची, मग जागा

मंडळी, मागच्या दोन नोंदींत मी इस्तंबूलमधली खायची ठिकाणं एरियाप्रमाणे लावत होते, सुलतानअहमद, काराक्योय, कादिक्योय अशी, आणि प्रत्येक ठिकाणी चार-पाच नावं. या मुक्कामात पद्धत बदलली आणि इतका फरक पडला की नीट लिहून ठेवतेय, तुमच्यापैकी जे जाणार आहेत त्यांना थेट वापरता येईल.

तर मुद्दा असा की त्या शहरात प्रत्येक खाण्याची स्वतःची वेळ असते. सकाळी सूप आणि ब्योरेक म्हणजे पातळ पोळ्यांचे थर भरून केलेला पदार्थ, दुपारी घरच्यासारखं शिजवलेलं जेवण, संध्याकाळी कोळशावरचं, आणि मध्यरात्रीनंतर परत सूप. वेळ बरोबर पकडली की साध्यातलं साधं दुकानसुद्धा भारी खायला घालतं आणि वेळ चुकली की नावाजलेल्या ठिकाणीही सकाळचं उरलेलं ताटात येतं. त्यामुळे आता मी "इथे चांगलं काय मिळतं" हे शोधतच नाही, "आत्ता या वेळेला इथले लोक काय खातायत" हे शोधते.

सगळ्यात जास्त प्रगती दुपारच्या जेवणात झाली, म्हणून त्यावरच जास्त लिहिते. तिथे एस्नाफ लोकांता म्हणून प्रकार असतो, एस्नाफ म्हणजे दुकानदार, कारागीर, बाजारातली माणसं. त्यांच्यासाठी चालणारी ही आपल्या बाजारपेठेतल्या खाणावळीसारखी जागा. सकाळी मोठ्या भांड्यांत सगळं शिजवून होतं, साडेअकराच्या सुमारास काउंटरवर गरम ट्रे मांडले जातात आणि बारा ते दोन ही खरी वेळ. मेनू कार्ड बऱ्याच ठिकाणी नसतंच किंवा असलं तरी कोणी बघत नाही, काउंटरपाशी जायचं, बोट दाखवायचं, तो वाढून देतो. तीन वाजता गेलात तर अर्धे ट्रे रिकामे आणि उरलेले सुकत आलेले.

ही ठिकाणं मॅपवर शोधायची माझी पद्धत आता अशी झालीय: सर्चमध्ये "रेस्टॉरंट" असं टाकत नाही, "एस्नाफ लोकांतासी" किंवा "एव येमेक्लेरी" म्हणजे घरचं जेवण असं तुर्कीतच टाकते. मग गर्दीचा तो तासागणिक ग्राफ दिसतो ना तो बघते. सोमवार ते शुक्रवार बारा ते दोन एकदम उंच आणि संध्याकाळी सपाट, शिवाय रविवारी बंद, असं दिसलं की समजायचं इथे आजूबाजूची काम करणारी माणसं जेवतात. मग फोटो बघायचे, पण मालकाने टाकलेले नाही, लोकांनी टाकलेले, त्यात स्टीलचा काउंटर आणि साध्या पांढऱ्या प्लेटी दिसल्या की ती जागा माझ्या यादीत. रिव्ह्यू नवीन ते जुने असे लावून तुर्कीतले ट्रान्सलेट करून वाचते. जुन्या रिव्ह्यूमधल्या किमतींवर मात्र अजिबात विसंबू नका, लिरा या तिथल्या चलनातली महागाई एवढी आहे की त्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

ग्रँड बाजार रविवारी बंद असतो, त्यामुळे त्याच्या आतली आणि आसपासची बरीच जेवणाची ठिकाणंही रविवारी बंद, प्लॅन करताना हे आधी बघा.

काय घ्यायचं? कुरू फासुल्ये म्हणजे सुक्या पांढऱ्या बीन्सची रस्सा उसळ, सोबत पिलाव, जो लोण्यातला मोकळा भात असतो आणि त्यात बारीक शेवया भाजून घातलेल्या असतात, वर कच्चा कांदा आणि मिठाच्या पाण्यातल्या लोणच्याच्या मिरच्या. हे त्यांचं अगदी रोजचं जेवण. यासाठी सुलेमानिये मशिदीसमोरची जुन्या मदरशाच्या कमानींखालची दुकानांची रांग गाठायची. मशीद सिनान या वास्तुकाराची, १५५७ मध्ये पूर्ण झालेली, आणि तिच्या समोर बाकांवर बसून बीन्स-भात खायचा, मला तरी याहून चांगली दुपार त्या शहरात माहीत नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तिथे प्रचंड गर्दी होते, म्हणून एकतर आधी जा नाहीतर दुसरा दिवस धरा.

शाकाहारी लोकांसाठी इथे खास थांबते कारण मला हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. काउंटरवर एक थंड बाजू असते तिकडे बघा. तिथले झेयतिन्याली पदार्थ म्हणजे ऑलिव्ह ऑइलमध्ये शिजवून गार होऊ दिलेल्या भाज्या, फरसबी, लीक, आर्टिचोक, आणि इमाम बायिल्दी म्हणजे कांदा-टोमॅटो-लसूण भरलेलं वांगं. हे खोलीच्या तापमानालाच खातात, गरम करून मागू नका, चव उतरते. त्याच्याच शेजारी तसंच दिसणारं कार्नियारिक असतं, त्यात खिमा असतो, तेव्हा बोट दाखवताना सांभाळून. बीन्समध्ये बऱ्याचदा मांसाचे तुकडे किंवा मांसाचं पाणी असतं, मेर्जिमेक म्हणजे मसूर सूपमध्येही कधी कधी असतं, म्हणून "एत सुयू वार मी?" असं विचारायचं, मांसाचं पाणी आहे का, लोक अजिबात वैतागत नाहीत, उलट आत जाऊन विचारून येतात. आणि चि क्योफ्ते नावाची छोटी छोटी दुकानं सगळीकडे दिसतील, मूळ पदार्थ कच्च्या मांसाचा असला तरी या दुकानांत तो बिनमांसाचाच विकतात, बारीक दलिया मसाल्यात मळून, लेट्युस आणि डाळिंबाचा आंबट पाक घालून पातळ रोटीत गुंडाळून देतात. तिखट आवडणाऱ्यांनी नक्की खा.

अजून एक कामाची गोष्ट, "आझ" म्हटलं की अर्धी प्लेट मिळते. दोघं असाल तर सगळं आझ मागवा, एका जेवणात चार-पाच पदार्थ होतात. पाव बहुतेक ठिकाणी टेबलावर असतोच, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, आणि जेवण झाल्यावर चहा बऱ्याचदा दुकानदाराकडूनच येतो.

बाजारातल्या वेळा जमत नसतील तर आशियाई बाजूला उस्कुदारला कानात लोकांतासी आहे, १९३३ पासूनची, तिथे काउंटर इतका मोठा आहे की संध्याकाळीसुद्धा निवड शिल्लक असते. सिर्केजीहून मार्मराय ट्रेनने समुद्राखालून एकच स्टेशन. कादिक्योयला मात्र फेरीनेच जा, एमिनोन्यूहून साधारण वीस मिनिटं, आणि तिथल्या मार्केटमध्ये चिया सोफ्रासी. मुसा दाग्देविरेन यांनी आनातोलिया म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाच्या गावागावांतून गोळा केलेले पदार्थ तिथे मिळतात, सीझनप्रमाणे बदलतात, त्यामुळे आधी वाचून गेलेला पदार्थ मिळेलच असं नाही. ते ठिकाण आता जगभर माहीत झालंय, गर्दी असते, तरी मी अजूनही पाठवते लोकांना, कारण तिथे जे चाखायला मिळतं ते बाकी शहरात सहज मिळत नाही.

आता बाकीच्या वेळा भराभर. सकाळी ब्योरेकवाल्याकडे लवकर जा, पाण्यात उकळलेल्या पातळ थरांचा सू ब्योरेई आधी संपतो. रात्री उशिरा चोर्बाजी म्हणजे सूपची दुकानं, खाणारे असाल तर जनावराच्या जठराचं इश्केम्बे लसूण आणि व्हिनेगर घालून. संध्याकाळचं कोळशावरचं खाणं अजून माझं नीट झालेलं नाही, त्यावर आत्ता लिहीत नाही.

मांसाहारी लोकांनी फातिह भागातल्या कादिनलार पाझारीला वेळ द्याच, बोझदोआन केमेरी या रोमन काळातल्या पाणीपुरवठ्याच्या कमानींना लागून आहे. तिथे आग्नेय तुर्कस्तानातल्या सियर्तकडच्या लोकांची दुकानं आहेत, मध, चीज, आणि ब्युर्यान. खोल खड्ड्यात निखाऱ्यांवर आख्खं कोकरू टांगून, तोंड बंद करून शिजवतात आणि मग तुकडे करून गरम रोटीवर देतात. हेसुद्धा वेळेचं खाणं आहे, सियर्तमध्ये सकाळीच खातात, म्हणून मी जेवणाच्या वेळेची वाट न बघता अकराच्या आसपास जाते, मांस तेव्हा रसरशीत असतं. पेर्दे पिलाव पण घ्या, चिकन, बदाम आणि बेदाणे घातलेला भात कणकेच्या कवचात भाजलेला.

तिथून चालत वेफा बोझाजिसी, १८७६ पासूनचं दुकान. बोझा म्हणजे धान्य आंबवून केलेलं दाट, आंबटगोड पेय, चमच्यानेच खावं लागतं, वर दालचिनी आणि फुटाणे. फुटाणे समोरच्या दुकानातून आणून घालायची पद्धत आहे. आंबवलेलं असल्याने त्यात अगदी थोडं अल्कोहोल असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात घ्या. खरा सीझन थंडीचा. आतमध्ये आतातुर्कने १९३७ मध्ये वापरलेला ग्लास काचेत ठेवलाय तोही बघा.

टाळायच्या जागांबद्दल एवढंच, दारात माणूस मेनू घेऊन बोलावत असेल आणि आत कोणी तुर्की बोलत नसेल तर मी पुढे जाते. दाराशी दरपत्रक लावणं तिथे बंधनकारक आहे, ते दिसलं नाही तर बसू नका. मोठ्या चौकाजवळच्या एका ठिकाणी माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला माशाचा भाव न सांगता वजनावर बिल लावलं होतं, म्हणून मासा घेताना काट्यावर ठेवण्याआधी किलोचा भाव आणि अंदाजे बिल दोन्ही विचारायचंच.

पुढची नोंद संध्याकाळची, म्हणजे ओजाकबाशी, जिथे शेगडीभोवतीच बसून खातात. कादिक्योय आणि बेयोलू दोन्हीकडची नावं जमवतेय. तुमच्यापैकी कोणी एकट्याने जाऊन तिथे बसलंय का, आणि किती वाजता गर्दी सुरू होते, ते सांगा म्हणजे त्याप्रमाणे वेळा लावते.