शेतात उभे राहूनही ‘शेताबाहेर’: नव्या फोनमधील लोकेशनच्या परवानगीचा माझा अनुभव

नवा फोन घेतल्यावर एखादे ॲप चालत नाही, अशी तक्रार आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात कोणी केली की त्यावर उत्तर ठरलेले असते: तुमच्याकडे रेंज नाही. जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात हे उत्तर सहज खपून जाते, कारण डोंगर, जंगल आणि मुसळधार पाऊस तिन्ही आमच्या वाट्याला आहेत आणि रेंज खरोखरच येत-जात असते. माझ्या फोनची अडचण मात्र रेंजची नव्हती, एका परवानगीची होती. ज्यांच्याकडे मी विचारायला गेलो त्यांच्यापैकी कोणीही फोन हातात घेऊन ती परवानगी तपासली नाही, याचा राग अजून मनातून गेलेला नाही.

आपल्या सर्व्हे नंबरमधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची सोय कर्नाटकात २०२० पासून आहे. शेतात जाऊन पीक निवडायचे, फोटो काढायचा आणि पाठवायचा, एवढेच काम असते. परंतु पीकविमा, हमीभावाची खरेदी आणि अतिवृष्टीची नुकसानभरपाई यांच्या वेळी हीच नोंद पाहिली जात असल्यामुळे ती मुदतीत होणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. जुन्या फोनवर हे काम बांधावर उभ्या उभ्या होत असे.

नवा फोन बेळगावातील एका दुकानातून घेतला आणि लागणारी सगळी ॲप दुकानातल्या मुलाने तिथल्या तिथे घालून, उघडून दिली. शेतात आल्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा निवडण्यापर्यंत काही अडले नाही. फोटोच्या पायरीवर मात्र कन्नडमध्ये एक संदेश येई आणि काम तिथेच थांबे. शेजारच्या मुलाने तो वाचून सांगितला: तुम्ही या शेताच्या हद्दीत नाही. मी त्या वेळी भाताच्या खाचरात घोट्यापर्यंत चिखलात उभा होतो, फोन प्लास्टिकच्या पिशवीत धरला होता आणि भिजलेला अंगठा सदऱ्याला पुसून पुसून बटण दाबत होतो. खाचराच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलो, विहिरीच्या कठड्यापाशी उभा राहिलो, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, तरी संदेश बदलला नाही.

दुकानात गेलो तेव्हा “तुमच्या तिकडं रेंजच नाही की ओ मामा, फोन काय करणार?” असे म्हणून त्या मुलाने ॲपची कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती, साफ केली आणि फोन परत दिला. कॅशे साफ केल्याने परवानग्यांत काहीही बदल होत नाही, हे त्याला ठाऊक असायला हवे होते. फोनवरून मदत मागितली तर मोकळ्या आभाळाखाली उभे राहा असा सल्ला मिळाला. भाताच्या खाचराहून मोकळे आभाळ कुठे असते? दरम्यान नोंदीची मुदत संपत चालली होती आणि शेजाऱ्यांच्या नोंदी एकेक करून होत होत्या. त्यांचे फोन त्याच रेंजवर चालत होते, ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगितली, पण तिच्यावर विचार करायला कोणी तयार नव्हते.

शेवटी उलगडा झाला तो नकाशाच्या ॲपमुळे. खाचरातच उभे राहून मी ते उघडले तर निळा ठिपका बरोबर आमच्या विहिरीच्या कडेला दिसला, पाच-दहा पावलांचाही फरक नाही. म्हणजे फोनला माझी जागा नेमकी कळत होती. जीपीएस उपग्रहांच्या संकेतांवर चालते, त्याला मोबाईलची रेंज लागत नाही. रेंज नसली तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा अधिक वेळ जातो, इतकेच. मग एकाच जागी, एकाच वेळी एका ॲपला जागा कळते आणि दुसऱ्याला कळत नाही, याचा अर्थ एकच उरतो: फोन ती जागा दुसऱ्या ॲपला सांगत नाही. परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी दिलेली असते, हे लक्षात आल्यावर पुढचे काम सोपे होते.

पीक नोंदीच्या ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरले, वर आलेल्या छोट्या ‘आय’वर टिचकी मारली, त्यातून परवानग्या आणि त्यात लोकेशन उघडले. (हे पान सेटिंग्जमधूनही गाठता येते, निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये मेनूची नावे थोडी बदलतात.) तिथे ‘ॲप वापरत असताना’ या पर्यायावर खूण होती, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक आहे असेच वाटावे. त्याच्या खाली मात्र अचूक स्थान वापरण्याचे एक वेगळे बटण होते आणि ते बंद होते. ते चालू केले, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडले, थोडा वेळ थांबलो आणि फोटो स्वीकारला गेला. त्या क्षणी जो मोकळा श्वास घेतला तो सांगून समजणार नाही. आणि हे आपण स्वतः शोधून काढले याचा मला अभिमानही वाटतो.

घडले होते ते असे. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉईड १२ पासून लोकेशनची परवानगी मागताना फोन दोन गोल चित्रे दाखवतो, एक अचूक जागेचे आणि एक अंदाजे जागेचे. अंदाजे निवडले की ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरच्या परिसराइतकीच माहिती मिळते. ३ चौरस किलोमीटर म्हणजे जवळपास ७४० एकर; आमचे खाचर ३० गुंठ्यांचे. त्या परिसरात आमची गल्ली, ओढा आणि पलीकडचे शिवारही येते, मग ॲपने मला हद्दीबाहेर ठरवले यात त्याचा दोष नाही. हवामान पाहण्याच्या ॲपला अंदाजे जागा पुरते आणि तिथे तीच द्यावी. शेताची हद्द पाहणाऱ्या ॲपला मात्र अचूकच लागते. दुकानात घाईघाईने ॲप उघडून देताना ते दुसरे चित्र दाबले गेले असणार. म्हणून फोन घेताना दुकानदाराला ॲप फक्त घालून द्यायला सांगावे, पहिल्यांदा उघडण्याचे काम घरी बसून आपणच करावे. परवानगीची चौकट ॲपच्या भाषेत येत नाही, फोनच्या भाषेत येते, त्यामुळे ॲप कन्नडमध्ये असले तरी सेटिंग्जमध्ये फोनची भाषा मराठी करून घेतल्यास काय विचारले जात आहे ते नीट वाचून उत्तर देता येते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. अँड्रॉईड ११ पासून एखाद्या परवानगीला दोनदा नकार दिला की ते ॲप ती परवानगी पुन्हा विचारू शकत नाही. मग ॲप कितीही वेळा उघडले तरी चौकट येत नाही आणि माणसाला ॲप बिघडले असे वाटते. ती परवानगी वर सांगितलेल्या पानावर जाऊनच द्यावी लागते.

आमच्या शेजारच्या काकींचा आवाज व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मुलाला ऐकू जात नव्हता. ॲपला परवानगी होती, पण वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या पट्टीतले मायक्रोफोनचे बटण बंद होते, आणि ते बंद असले की सगळ्याच ॲपचा माईक बंद राहतो. कॅमेऱ्यासाठीही तिथे तसेच बटण असते. यूपीआयचे नव्या फोनवर अडत असेल तर एसएमएसची आणि फोनची परवानगी पाहावी. आमच्याकडे अनेकांच्या फोनमध्ये एक सिम बेळगावचे आणि एक चंदगड-कोल्हापूरकडचे असते. पडताळणीचा एसएमएस बँकेत नोंदवलेल्या नंबरच्या सिमवरूनच गेला पाहिजे आणि त्या सिमवर एसएमएस पाठवण्याइतका रिचार्ज असला पाहिजे. पीक नोंदीचे ॲप म्हणून व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेली एपीके फाईल (फोनमध्ये ॲप घालणारी फाईल) मात्र परवानगी देऊन चालवू नये. पिकाच्या नोंदीला तुमचे संपर्क किंवा आलेले मेसेज वाचण्याची काहीच गरज नसते.

खरीप संपला की हे ॲप रब्बी येईपर्यंत आमच्यापैकी कोणी उघडत नाही. काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो, त्यामुळे आज चालणारे ॲप पुढच्या हंगामात पुन्हा बांधावर अडण्याची शक्यता असते. ॲपच्या माहितीच्या पानावर, वापरात नसल्यास ॲप थांबवण्याचे एक बटण असते. ते या एका ॲपपुरते बंद ठेवावे. मी ते माझ्या आणि गल्लीतल्या आणखी काही जणांच्या फोनमध्ये बंद केले आहे. तरीही रब्बीच्या नोंदीला शेतात निघण्याआधी अचूक स्थानाचे बटण चालू आहे की नाही हे घरातच एकदा पाहून घ्यावे.