रोबोटच्या कंट्रोलरसाठी कनेक्टर: निवड आणि क्रिम्पिंग

माझा चारचाकी रोबोट सपाट फरशीवर तासभर बिनतक्रार चालत असे, पण खोलीचा उंबरठा ओलांडताना त्याचा कंट्रोलर हमखास रीसेट होत असे. संगणकावरील सीरियल मॉनिटरवर हा कंट्रोलर, म्हणजे ईएसपी३२, दर वेळी ब्राउनआउटचा संदेश दाखवत होता, म्हणजे व्होल्टेज क्षणभर खाली जात होते. मी प्रोग्राम तपासला, कपॅसिटर वाढवला, बॅटरी बदलली आणि शेवटी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एकेक वायर हलवून पाहिली, तेव्हा ५ व्होल्टच्या जंपर वायरपाशी (दोन्ही टोकांना टर्मिनल बसवलेली तयार वायर) बीप तुटू लागला. त्या वायरच्या टोकाचे धातूचे टर्मिनल काढून भिंगाखाली धरले असता तांब्याचे निम्मेच तंतू पकडीत सापडले. बाकीचे मागे मुडपलेले होते. त्यानंतर या रोबोटमधील एकही तयार जंपर मी ठेवली नाही.

या जंपर बर्ग स्ट्रिपवर, म्हणजे बोर्डावरील उभ्या पिनांच्या रांगेवर, बसतात, त्यांच्या पिनांमधील अंतर २.५४ मिमी असते आणि टेबलावरच्या प्रयोगासाठी त्या उत्तम आहेत. पण त्यांना लॉक नसते आणि त्या उलट्याही बसतात, त्यामुळे हलत्या यंत्रात त्यांना जागा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारे दोन पर्याय आहेत: रेलिमेट आणि जेएसटी एक्सएच. दोन्ही एकाच दिशेने बसतात. रेलिमेटचे अंतर २.५४ मिमी असल्यामुळे ते साध्या परफबोर्डच्या (सोल्डरिंगसाठी भोके पाडलेल्या बोर्डाच्या) भोकांत नेमके बसते. एक्सएचचे अंतर २.५ मिमी असते. सहा पिनांच्या सॉकेटमध्ये पहिल्या आणि शेवटच्या पिनेदरम्यान ०.२ मिमीचा फरक पडतो, तो किंचित दाब देऊन भरून निघतो, मात्र दहा-बारा पिनांचे सॉकेट बसवताना पिना वाकू लागतात. तरीही मी एक्सएच निवडले, कारण माझ्या एन्कोडर मोटरींच्या (फिरणे मोजणारा सेन्सर असलेल्या मोटरींच्या) वायरींना मुळातच सहा पिनांचे तेच कनेक्टर होते. २२ गेजच्या वायरवर ते प्रत्येक पिनेला ३ अँपिअरपर्यंत करंट वाहू शकते आणि माझी मोटर पूर्ण अडली तरी २ अँपिअरच्या आसपासच घेते.

निवडीइतकेच महत्त्व क्रिम्पिंगला, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून आवळण्याला, आहे. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढची जोडी उघड्या तांब्याला आवळते, मागची इन्सुलेशनला धरून ठेवते, आणि वायरला बसणारा झटका या मागच्या जोडीने सोसायचा असतो. म्हणून वायर जेमतेम २ ते २.५ मिमी सोलावी, जेणेकरून इन्सुलेशनची कड दोन्ही जोड्यांच्या मधोमध येईल. साध्या पकडीने पंख नुसते चपटे होतात; क्रिम्पिंग टूलच्या खाचेत मात्र ते आत वळून तंतूंमध्ये शिरतात आणि कापून पाहिल्यास त्यांचा आकार इंग्रजी बी अक्षरासारखा दिसतो. पकड सैल वाटली म्हणून वरून सोल्डर भरण्याचा मोह टाळावा, कारण सोल्डर तंतूंमधून वर चढते, वायर तेवढ्या भागात कडक होते आणि कंपनाने नेमकी त्या कडक भागाच्या टोकाशी तुटते. स्क्रू टर्मिनलमध्येही सोल्डर लावलेले टोक घालू नये; दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते आणि स्क्रू ढिला पडतो. क्रिम्प झालेली प्रत्येक वायर मी बोटांनी चांगली ओढून पाहते, आणि टर्मिनल कनेक्टरच्या प्लास्टिकच्या हाऊसिंगमध्ये सरकवल्यावर त्याची बारीक जीभ खिडकीत टक्‌ करून अडकल्याची खात्री झाल्यावर पुन्हा एकदा ओढते.

चुकीची जोडणी टाळण्यासाठी मी पिनांची संख्याच वेगवेगळी ठेवली आहे: मोटरला सहा, अंतर मोजणाऱ्या सेन्सरला चार, ५ व्होल्टच्या पुरवठ्याला दोन. डाव्या-उजव्या मोटरींचे कनेक्टर सारखेच असल्यामुळे त्यांवर लाल आणि निळी हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी) स्लीव्ह चढवली आहे. सर्वोचा (ठरावीक कोनात फिरणाऱ्या मोटरीचा) तीन पिनांचा कनेक्टर तेवढा तसाच राहू दिला. त्याची मधली वायर पॉझिटिव्ह असते, त्यामुळे तो उलटा बसला तरी पुरवठा उलटा होत नाही. बॅटरीसाठी एक्सटी३० हे कनेक्टर वापरावे आणि त्याचा झाकलेल्या संपर्कांचा भाग नेहमी बॅटरीकडे असावा, म्हणजे बॅटरी सुटी असताना उघड्या पिना कशालाही टेकून शॉर्ट होणार नाही. तयार वायरींच्या रंगांवर विसंबू नये. एकाच प्रकारच्या दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये लाल-काळ्याचा क्रम निरनिराळ्या विक्रेत्यांकडे उलटसुलट आढळतो, तेव्हा पहिल्यांदा जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावावाच.

एक्सएच केवळ घर्षणाने धरून राहते, त्याला रेलिमेटसारखी आधाराची पट्टीही नसते. म्हणून सॉकेटपासून साधारण ३ सेंमीवर प्रत्येक वायरला थोडी ढील देऊन मी ती केबल टायने चौकटीला बांधली आहे. या जोडणीनंतर मी रोबोट तोच उंबरठा चाळीस वेळा ओलांडवून पाहिला, आणि सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा संदेश एकदाही आला नाही.