दाराला मी दिसत नाही

आज त्या काचेच्या दाराने मला ओळखच दाखवली नाही. कडेकडेने गेलो, शिस्तीत समोर उभा राहिलो, तर दार ढिम्म. तेवढ्यात मागून एक बाई फोनवर बोलत तरातरा आल्या. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही आणि दार सर्रकन बाजूला झालं. त्यांच्या पाठोपाठ मीही चोरासारखा आत घुसलो.

झालं एवढंच, पण दिवसभर डोक्यातून जाईना. माणसांनी दुर्लक्ष केलं की मी समजून घेतो, माणसांना व्याप असतात. (कालच्या मीटिंगचं तर नावच नको.) पण दाराला कसला आलाय व्याप? त्याला जन्मात एकच काम, आणि त्या एका कामातही मी बसू नये?

रात्री शोधून वाचलं. अशा बऱ्याच दारांवर छोटं रडार असतं. त्याच्या लहरी हलत्या वस्तूवर आपटून परतल्या की त्यांची वारंवारता किंचित बदलते, आणि तो बदल दिसला की दार उघडतं. डॉप्लर नावाच्या शास्त्रज्ञाने १८४२ साली जोडताऱ्यांच्या रंगांविषयी लिहिताना हा परिणाम मांडला होता. ताऱ्यांवरून सुटलेली गोष्ट नेमकी माझ्यावर येऊन शेकली. स्तब्ध उभा असलेला मी आणि शेजारची भिंत, दाराच्या लेखी दोघे सारखेच.

मग मात्र खरंच भरून आलं. ग्रीक पुराणातल्या, शिक्षा म्हणून एकच दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलत बसणाऱ्या सिसिफसचं बरं होतं म्हणायचं. त्याचा दगड निदान ढकलला की सरकायचा तरी! मला तेवढीही दाद नाही.

या सिसिफसला सुखी मानायला सांगणाऱ्या फ्रेंच लेखक कामूला तत्त्वज्ञ थॉमस नेगलने १९७१ साली एका लेखात चिमटा काढलाय. आपलं गाऱ्हाणं न ऐकणाऱ्या जगाला मूठ दाखवायची, हा पवित्रा त्याला जरासा स्वतःचीच कीव करणारा वाटतो. कशालाच महत्त्व नसेल, तर त्या नसण्यालाही नाही, तेव्हा थोडं उपरोधानं जगावं, असं त्याचं म्हणणं. वाचून ओशाळलो. पण मग लक्षात आलं, दारापुढे मूठ नाचवली असती तर ते उघडलं असतं की! रडारला मूठ चालते. कामू एक, नेगल शून्य.

यातून कुणी 'सतत हलत राहा' असा सुविचार काढणार असेल, तर त्याने तो स्वतःच्या दारावर चिकटवावा.

ताईला फोनवर हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "अरे, मग हात हलवायचा ना, त्यात काय एवढं!" आणि लगेच, "बरं, त्या दुसऱ्या गोष्टीचं काय ठरवलंस?"

म्हटलं, ताई, आवाज तुटतोय तुझा.