तिसरी रात्र घरी

सोमवारी सकाळी सिझेरियन झालं आणि मंगळवारी रात्री, ३६ तासांनी, मी घरी आले. पहिल्या वेळी पाच दिवस राहिले होते. या वेळी ताप नव्हता, बीपी ठीक होतं, कॅथेटर काढल्यावर लघवी मोकळी झाली होती, बाळ नीट ओढत होतं. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या सूचनांतही आहे, की प्रकृती चांगली असेल, ताप किंवा गुंतागुंत नसेल तर २४ तासांनंतर घरी सोडता येतं. मात्र घरी आल्यावर तपासणी व्हायला हवी. घरी मोठी लेक वाट पाहत होती, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

दवाखान्यातल्या खाटेची डोक्याकडची बाजू वर करता यायची. घरच्या पलंगावरून उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपरावर भार देऊन उठायचं. खोकला आला की उशी टाक्यांवर घट्ट दाबून धरायची. झोप लागली म्हणून दुखण्याची एक गोळी चुकली, तर पुढचे चार तास रडत काढले. नंतर मोबाइलला गजर लावला.

बुधवारी रात्री दूध उतरलं. छाती दगडासारखी, बाळाला धरताच येईना, ते रडून रडून लाल. पहिल्या वेळी याच घटकेला शेजारी सिस्टर होती. तिने दाखवलं होतं तसं मी बोंडाभोवतीचा काळा भाग बोटांनी दाबून मऊ केला, थोडं दूध हाताने काढलं. दहा मिनिटांनी बाळाने तोंडात धरलं.

सकाळी उजेडात त्याच्या कपाळावर बोट दाबून पाहिलं, कातडी पिवळसर दिसली. नवजात बाळाची कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच चढते, म्हणजे लवकर घरी आलेल्यांच्या घरातच. गुरुवारची तपासणी निघतानाच ठरवून घेतली होती म्हणून मी निभावले; वेळ ठरवल्याशिवाय कुणी दवाखाना सोडू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि तासाभरात पॅड भिजलं, ताप आला, टाक्यांतून पू आला, एकच पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर तपासणीच्या दिवसाची वाट न बघता लगेच जायचं.

रक्त तपासलं, काविळीला उपचार लागले नाहीत. वजन मात्र ३,१०० वरून २,८५० ग्रॅमवर आलं होतं. दर दोन-अडीच तासांनी पाजत राहिले. शनिवारी पुन्हा वजन केलं, २,९१० भरलं.