हाँगकाँगचं लग्नघर

आज ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न होतं. सकाळी नवरदेव तिच्या घरी न्यायला आला, तर करवल्या दार उघडेनात! आधी दंड मार, मग गाणं म्हण, मग घासाघीस करून लाल पाकिटं दाराच्या फटीतून सरकव. आपल्याकडे जोडे पळवून पैसे उकळतात, इथे थेट नवरीच ओलीस.

मग चहा. खरा विधी हाच. लाल रेशमावर सोनेरी-रुपेरी ड्रॅगन आणि फिनिक्स भरलेला 'क्वा' घालून ती आणि शेजारी तो, गुडघे टेकून वडीलधाऱ्यांना मानाप्रमाणे चहा देत होते. त्यांनी घोट घ्यायचा, पाकीट द्यायचं, नवरीच्या हातात सोन्याच्या बांगड्या चढवायच्या. सोबतीला 'दाय-काम-चे', म्हणजे विधींची माहितगार बाई. यमक जुळवत शुभशब्द म्हणत होती आणि सगळ्यांना हुकूमही सोडत होती. तिच्याशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

गंमत म्हणजे कायद्याला यातलं काहीच लागत नाही. ७ ऑक्टोबर १९७१ पासून इथे नुसत्या रूढीने लागलेलं लग्न ग्राह्य नाही, सह्या हव्यात. त्या झाल्या दुपारी हॉटेलात, पांढऱ्या गाऊनमध्ये, वकिलासमोर. २००६ पासून नोंदणी कचेरीबाहेर लग्न लावायची मुभा वकिलांना आहे.

रात्री मेजवानीआधी पाहुणे निवांत माहजाँग खेळत बसले. जेवणाची घाई फक्त मलाच! नवरीने पुन्हा कपडे बदलले, तेव्हा म्हटलं, "सकाळचा क्वाच सगळ्यात भारी होता."

"भाड्याचा आहे गं, उद्या परत करायचाय."