पाठशालात करमत कसं होतं?

‘आसामातल्या त्या एवढ्याशा गावात तुम्हाला करमत कसं होतं?’ बदलीची नोकरी संपवून परतलो तेव्हापासून कुणी ना कुणी हे विचारतंच. आता तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाठशाला हे गुवाहाटीच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचं बाजाराचं गाव. रेल्वे स्टेशन, कॉलेज, नामघर म्हणजे गावाचं प्रार्थनामंदिर, परसात सुपारीची झाडं. वरवर पाहिलं तर त्या बाजूच्या इतर गावांसारखंच. पण इथला खरा धंदा नाटकाचा! अच्युत लहकर यांनी १९६३ साली इथेच ‘नटराज थिएटर’ ही नाटक कंपनी काढली. तंबू, रंगमंच, दिवे, खुर्च्या सगळं गाड्यांवर लादून त्यांनी नाटक गावोगाव नेलं. या फिरत्या नाटकाला तिकडे ‘भ्राम्यमाण’ म्हणतात. पुढे ‘कोहिनूर’, ‘आवाहन’ ही थिएटरंही पाठशालातूनच निघाली.

नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात आणि यात्रा कमिट्या सुपारी द्यायला येतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे बोलावणारी ‘आमंत्रक समिती’ बऱ्याचदा एखाद्या शाळेची, क्लबाची किंवा नामघराची असते. दोनतीन रात्री खेळ होतात, थिएटरचे पैसे चुकते केले की उरेल ते समितीचं. त्यातून कुठे शाळेची खोली उठते, कुठे नामघराचं छप्पर. मला हे फार पटलं. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्यापेक्षा बरं, देणाऱ्याला निदान नाटक तरी बघायला मिळतं.

ऐन पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असतात आणि आत तालमी चालू. एकेका थिएटरात शंभरावर माणसं: नट, नाचणाऱ्या मुली, वादक, वायरमन, सुतार, आचारी. ऑगस्टच्या सुमारास ट्रक निघतात, ते एप्रिलात रंगाली बिहूच्या, म्हणजे आसामी नववर्षाच्या सणाच्या, आगेमागे परततात. मधल्या काळात चहाच्या टपरीवर एकच विषय, यंदा कुणाचं नाटक चाललं आणि कुणाचं पडलं.

नाटकं कशी असतात म्हणाल, तर बरीचशी भडक. रडारड, मारामारी, गाणी, सगळं ठासून. पण मांडणी बघून मी थक्क झालो. दोन रंगमंच, शेजारी शेजारी. एकावर प्रवेश चालू असतो तेव्हा दुसऱ्यावर अंधारात पुढचा देखावा लागत असतो. इकडचे दिवे गेले की तिकडचे लागतात, आणि मघाशी इथे मेलेला खलनायक तिथे फ्लॅशबॅकमध्ये ताजातवाना उभा. ‘कोहिनूर’ने तर टायटॅनिक जहाजही रंगमंचावर बुडवून दाखवलं होतं.

कधी गेलात तर तिकीट मधोमध बघून घ्या. कडेची खुर्ची मिळाली तर अर्धं नाटक मान वाकडी करून बघावं लागतं.